एकट्याने संकेतस्थळ चालवताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

नोकरी सांभाळून गेली सात वर्षे मी सह्याद्रीतील गडकिल्ल्यांची माहिती देणारे एक मराठी संकेतस्थळ एकट्याने चालवतो. पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या बहुतेक संध्याकाळी मुखपृष्ठाचे रंग बदलण्यात, नवनवीन प्लगइन (संकेतस्थळाला जोडायच्या तयार सोयी) बसवून पाहण्यात आणि आज किती जण येऊन गेले हे आकडे न्याहाळण्यात गेल्या. त्याच काळात एका वाचकाचे पत्र आले. माझ्या पानावर दिलेल्या वेळेच्या भरवशावर ते कुटुंबासह संध्याकाळी गड उतरले, आणि परतीची शेवटची एसटी बंद होऊन वर्ष उलटल्याचे त्यांना पायथ्याच्या गावात समजले. लहान मुलाला घेऊन त्यांनी ती रात्र एका घराच्या ओसरीवर काढली. ते पान दुरुस्त करायला मला दहा मिनिटे लागली. तेवढी दहा मिनिटे मला वर्षभर मिळाली नव्हती, कारण माझ्याकडे कोणते काम आधी करायचे याचा काही नियमच नव्हता.

पुढे जो क्रम मी बसवला तो येथे देत आहे. उदाहरणे गडकिल्ल्यांची असली तरी पाककृती, शेती, स्पर्धा परीक्षा किंवा स्वतःचा लहान व्यवसाय यांचे संकेतस्थळ एकट्याने सांभाळणाऱ्या कोणालाही तो वापरता येईल.

१. सुरुवातीला हाताशी काय असावे

कामांची यादी करण्याआधी पुढील गोष्टी एका जागी गोळा कराव्यात. त्यासाठी एक संध्याकाळ पूर्ण द्यावी लागते, पण ती एकदाच.

- डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता, कोणाकडे, कोणत्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर नोंदवले आहे, त्याची मुदत कधी संपते, याची नोंद.
- होस्टिंगची, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेची, पावती, मुदत आणि तिथे प्रवेश करण्याचा तपशील.
- सर्व पासवर्ड ठेवण्यासाठी एक पासवर्ड व्यवस्थापक, आणि द्विस्तरीय पडताळणीचे राखीव संकेतांक कागदावर.
- गूगल सर्च कन्सोलमध्ये संकेतस्थळाची नोंदणी. आपली पाने गूगलच्या शोधात कशी दिसतात आणि तिथून किती वाचक येतात हे दाखवणारी ही सेवा विनामूल्य आहे.
- बॅकअप ठेवण्यासाठी स्वतःच्या ताब्यातील एक बाह्य डिस्क.
- जाहिरातींतून उत्पन्न घ्यायचे असल्यास पॅन, बँक खात्याचा तपशील आणि टपाल खात्रीने पोहोचेल असा पत्ता. गूगल अ‍ॅडसेन्स पत्त्याच्या पडताळणीसाठी पिन क्रमांक टपालानेच पाठवते.
- सर्व पानांची यादी असलेली एक स्प्रेडशीट. तिच्यात पानाचे नाव, ते कधी लिहिले आणि शेवटचे कधी तपासले, एवढे तीन रकाने पुरेत.

या शेवटच्या स्प्रेडशीटला मी ‘पानवही’ म्हणतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत तिचा उपयोग होणार आहे.

२. दोन आठवडे फक्त वेळ मोजा

नवे वेळापत्रक आखण्याची घाई करू नका. आधी दोन आठवडे संकेतस्थळासाठी बसलात की किती वाजता बसलात, काय केले आणि किती वाजता उठलात, एवढेच लिहून ठेवा. मला वाटत होते की मी आठवड्याला पंधरा तास देतो. नोंदीत अकरा भरले. त्या अकरांतले जेमतेम तीन तास लिहिण्यात किंवा माहिती तपासण्यात गेले होते, आणि चार तासांहून अधिक वेळ आकडे पाहण्यात व रचनेशी खेळण्यात गेला होता.

या मोजणीतून जो आकडा निघेल त्यातून एकपंचमांश वजा करा. घरी पाहुणे येतात, वीज जाते, कार्यालयात वर्षअखेरीचे काम निघते. उरतील तेच तुमचे हक्काचे तास. अकरा तासांच्या भरवशावर आखणी केली की तिसऱ्या आठवड्यात ती कोलमडते, हे मी दोनदा अनुभवले. नऊ तासांवर आखलेली मांडणी मात्र आजवर टिकली आहे.

३. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारा

तातडीचे आणि महत्त्वाचे अशा चार चौकोनांत कामे वाटण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. कार्यालयात ती उपयोगी पडते, कारण तिथे तातडीच्या कामाची आठवण करून द्यायला कोणीतरी असते. संकेतस्थळाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची कामे निमूट पडून असतात. बॅकअप घेतला नाही म्हणून फोन वाजत नाही, आणि चुकीची माहिती वाचून गेलेल्या शंभरांपैकी एखादाच पत्र लिहितो. म्हणून मी प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारतो. हे महिनाभर केले नाही तर कोणाचे काय बिघडेल? आणि जे बिघडेल ते नंतर भरून काढता येईल का?

या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून कामांच्या चार पायऱ्या आपोआप पडतात. पहिल्या पायरीवर कधीच भरून न येणारे नुकसान टाळणारी कामे येतात, दुसऱ्या पायरीवर वाचकाचे नुकसान टाळणारी, तिसऱ्यावर नवे लेखन आणि चौथ्यावर रंग, अक्षरे, मांडणी यांसारखी हौसेची कामे. वरच्या पायरीचे काम शिल्लक असताना खालच्या पायरीला हात लावायचा नाही, एवढाच नियम. चौथी पायरी अनावश्यक आहे असे माझे म्हणणे नाही. पण थकलेल्या मनाला तीच सर्वांत आधी बोलावते, कारण तिथे केलेले काम लगेच डोळ्यांना दिसते.

एकच अपवाद सांगतो. पानाचे वजन कमी करणे हे वरवर चौथ्या पायरीचे काम वाटते, पण माझे वाचक पाचनई किंवा गुंजवणे अशा पायथ्याच्या गावांत, जेमतेम रेंज असताना, वाट शोधण्यासाठी पान उघडतात. चार-चार एमबीची छायाचित्रे असलेले पान तिथे उघडतच नाही. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे, आणि रेंज नसलेल्या माणसाची अपेक्षा त्याहून साधी असते. तुमचा वाचक कुठे उभा राहून पान उघडतो हे ठाऊक असेल तर असे निर्णय सोपे होतात.

४. भरून न येणाऱ्या नुकसानीची कामे: डोमेन, बॅकअप, प्रवेश

या पायरीला वर्षभरात मिळून फार तर पंचवीस तास लागतात, पण ते तास चुकले तर बाकीच्या सगळ्या वर्षांचे काम पणाला लागते. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

डोमेनची मुदत संपली की ते त्याच क्षणी दुसऱ्याचे होत नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी नोंदणी करणारी कंपनी साधारणपणे काही दिवसांची सवलत देते, आणि ती कमाल पंचेचाळीस दिवसांपर्यंत असू शकते. त्यानंतर तीस दिवसांचा असा काळ येतो ज्यात जादा शुल्क भरून डोमेन सोडवून घेता येते. मग पाच दिवसांत ते रद्द होऊन सर्वांसाठी खुले होते. ही मुदत वाचून निर्धास्त होऊ नका. सवलतीचे दिवस प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, आणि दरम्यान तुमचे संकेतस्थळ बंद असते.

यात तीन सापळे आहेत. पहिला सापळा आपोआप नूतनीकरणाचा. तो पर्याय चालू केला म्हणजे काम झाले असे वाटते, पण १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाने आधी रीतसर नोंदवलेली संमती लागते. परदेशी कंपनीकडे डोमेन असेल आणि अशी संमती नोंदलेली नसेल, तर पैसे कापलेच जात नाहीत. माझी वसुली एकदा अशीच नाकारली गेली होती, आणि मला ते संकेतस्थळ उघडेनासे झाल्यावरच कळले. दुसरा सापळा ईमेलचा. डोमेन ज्या ईमेलवर नोंदवले आहे तो ईमेल त्याच डोमेनवरचा असू नये. मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना पोहोचायला जागाच उरत नाही. तिसरा सापळा नावाचा. संकेतस्थळ दुसऱ्याकडून बनवून घेतले असेल तर डोमेन अनेकदा त्याच्याच नावावर नोंदलेले असते. ते आजच तपासा आणि स्वतःच्या नावावर करून घ्या, कारण संबंध चांगले असतात तेव्हा हे काम दोन दिवसांत होते.

मी आता डोमेन एकदम तीन वर्षांसाठी भरतो आणि मुदतीच्या साठ दिवस आधीची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवतो. मोबाइलमधली आठवण एका बोटाने बाजूला सारता येते, पण भिंतीवरची तारीख घरातल्या सर्वांना दिसते.

बॅकअपचा रूढ नियम असा की तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. होस्टिंग कंपनी बॅकअप घेते म्हणून आपण मोकळे, असे समजू नका. मूळ संकेतस्थळ आणि त्याची प्रत एकाच ठिकाणी असेल तर एकाच अपघातात दोन्ही जातात. आठवड्याला एक प्रत आपोआप क्लाउडवर जाईल अशी सोय करा आणि महिन्याला एक प्रत स्वतः उतरवून डिस्कवर घ्या. दर तीन महिन्यांनी त्यांतली एक प्रत प्रत्यक्ष उघडून, चाचणीच्या जागेवर बसवून पाहा. मी पहिल्यांदा ही चाचणी घेतली तेव्हा मजकूर सगळा आला, पण छायाचित्रांचा फोल्डर बॅकअपमध्ये कधीच गेलेला नव्हता. राजगड-तोरणा वाटेची ती छायाचित्रे मला दुसरीकडे कुठेही मिळाली नसती.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस (संकेतस्थळ ज्यावर चालते ती प्रणाली) आणि प्लगइन आठवड्यातून एकदा, बॅकअप घेतल्यानंतरच अद्ययावत करा. जे प्लगइन वापरत नाही ते नुसते बंद न करता काढून टाका. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे विनामूल्य प्रमाणपत्र नव्वद दिवसांचे असते आणि मुदत संपत आल्याची सूचना देणारे ईमेल त्या संस्थेने २०२५ मध्ये बंद केले. त्यामुळे ते आपोआप नवे होते आहे की नाही हे अधूनमधून स्वतः पाहावे लागते.

५. नव्या लेखाआधी जुने पान

नव्याने संकेतस्थळ चालवणाऱ्यांना ही पायरी पटायला वेळ लागतो. नवे लिहिण्याचा आनंद मोठा असतो आणि जुने तपासण्याचे काम कंटाळवाणे वाटते. पण वाचक कोणत्या पानावर येतो ते पाहिले की चित्र बदलते. सर्च कन्सोलमध्ये पानांची क्रमवारी लावून पाहा. माझ्याकडे दीडशेच्या आसपास पाने आहेत आणि निम्म्याहून अधिक वाचक त्यांतल्या वीस-बावीस पानांवरच येतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड, लोहगड ही पाने चुकीची असतील तर नवा लेख कितीही चांगला असून उपयोग नाही.

पद्धत अशी. सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वीस पानांवर पानवहीत खूण करा आणि दर आठवड्याला त्यांतले एक पान तपासा. तपासताना माहितीचे दोन भाग पाडा. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि ती बदलणार नाही. बारी गावातून निघणाऱ्या गाड्या, गडावर राहण्याची सोय, प्रवेशशुल्क, वनखात्याची पावसाळ्यातील बंदी ही माहिती मात्र केव्हाही बदलू शकते. बदलणारी माहिती पानाच्या एकाच चौकटीत ठेवा आणि तिच्याखाली ‘शेवटची तपासणी’ म्हणून तारीख छापा. यामुळे तपासणीला लागणारा वेळ निम्म्यावर येतो, आणि माहिती किती जुनी आहे हे वाचकालाही कळते. जी गोष्ट मी या हंगामात तपासू शकलो नाही तिथे तसे स्पष्ट लिहितो आणि पायथ्याच्या गावात चौकशी करण्याची विनंती करतो.

येथे एक चूक हमखास होते. मजकूर न तपासता केवळ तारीख बदलू नका. रात्री उशिरा, थकलेले असताना, हा मोह होतो. वाचक त्या तारखेवर विश्वास ठेवून घाटवाटेला निघणार असतो.

६. वर्षाचे पंचांग मांडा

आठवड्याचे नियोजन वर्षाच्या नियोजनातून निघाले पाहिजे. प्रत्येक विषयाला स्वतःचा ऋतू असतो. माझ्याकडे मे महिन्याच्या अखेरीपासून भंडारदरा परिसरातील काजव्यांची विचारणा सुरू होते. जून ते ऑगस्ट हे पावसाळी भटकंतीचे महिने, आणि याच काळात सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गांची होडी वाहतूक बंद असते. ऑगस्टच्या अखेरीपासून कास पठाराच्या फुलांबद्दल विचारणा येते. नोव्हेंबरपासून मोठ्या मुक्कामी मोहिमा सुरू होतात. पाककृतींचे संकेतस्थळ असेल तर उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ, संक्रांतीची गुळपोळी आणि उन्हाळ्यातले पापड-कुरडया असाच क्रम लागेल.

पान प्रसिद्ध केल्यावर ते शोधात नीट दिसू लागायला वेळ लागतो, म्हणून हंगामाच्या सहा ते आठ आठवडे आधी ते तयार असावे. कास पठारावरील पान मी जूनच्या अखेरीस हातावेगळे करतो. मागील हंगामाशी तुलना करण्यासाठी सर्च कन्सोल उपयोगी पडते, कारण त्यात सोळा महिन्यांची आकडेवारी राहते. त्यामुळे या जुलैची गाठ मागच्या जुलैशी घालता येते. त्याहून जुने आकडे हवे असतील तर दर वर्षी उतरवून ठेवा.

काही संधी मात्र पंचांगात नसतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतील जिंजी. त्या आठवड्यात साल्हेर, खांदेरी आणि जिंजी या नावांचा शोध एकदम वाढला. माझे साल्हेरचे पान पूर्ण होते, त्यामुळे ते खूप वाचले गेले. खांदेरीचे अर्धवट होते आणि जिंजीवर मी एक ओळही लिहिलेली नव्हती. त्या आठवड्यात सगळे सोडून तीन लेख घाईने लिहिण्याऐवजी मी खांदेरीचे एकच पान नीट पूर्ण केले. हक्काच्या नऊ तासांत तेवढेच बसत होते, आणि जिंजी मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

७. आठवड्याची मांडणी

माझा नऊ तासांचा आठवडा असा असतो. मंगळवार आणि गुरुवार सकाळी साडेपाच ते सात लेखन. बुधवारी रात्री एक तास जुन्या पानाची तपासणी, ज्यात पायथ्याच्या गावातील ओळखीच्या वाटाड्यांना किंवा एसटी आगाराला फोन करणेही आले, पण हे फोन दुपारच्या सुट्टीत करावे लागतात. शनिवारी अडीच तास छायाचित्रे, नकाशे आणि पान चढवण्याचे काम. रविवारी एक तास बॅकअप, अद्यतने आणि पानवही. उरलेला दीड तास वाचकांच्या पत्रांना, दोन बैठकांत वाटून.

ही मांडणी करताना दोन गोष्टी कळल्या. एका बैठकीत एकाच जातीचे काम करावे. लिहिता लिहिता छायाचित्र कापायला गेलात की परत वाक्यावर यायला बराच वेळ जातो. वीस छायाचित्रे एका बैठकीत लहान करून त्यांना नावे दिली तर तासाभरात होतात. दुसरी गोष्ट म्हणजे डोके ताजे असते ती वेळ लेखनाला द्यावी आणि थकलेली वेळ बॅकअपसारख्या ठरलेल्या कामांना.

मराठीत टंकलेखनाचा वेग हाही वेळेच्या नियोजनाचाच भाग आहे. रोमन अक्षरांतून लिप्यंतर करून लिहिणाऱ्यांनी दोन-तीन आठवडे मराठी अक्षरे थेट उमटवणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकाचा सराव करून पाहावा. सुरुवातीचे दिवस जड जातात, पुढे जोडाक्षरांसाठी थांबावे लागत नाही. गडावरून उतरताना मी मोबाइलवर बोलून मराठीत टिपणे घेतो. गावांची नावे त्यात चुकतात, पण वाटेचा क्रम नीट राहतो. आणि मजकूर नेहमी युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टंकलेला लेख संकेतस्थळावर आणताना तो शुद्ध करण्यात अख्खा दिवस जातो.

आकडे पाहण्यासाठी रविवारच्या तासातली पंधरा मिनिटे ठेवा. रोज पाहिल्याने आकडे वाढत नाहीत, आणि एका दिवसाच्या चढउतारावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

८. कोणत्या कामांना नकार द्यावा, कोणती सोपवावीत

संकेतस्थळ थोडे नावारूपाला आले की पैसे घेऊन दुवा टाकण्याची, तयार लेख छापण्याची विनंती करणारी पत्रे येऊ लागतात. त्यांना मी उत्तर देत नाही. पैसे घेऊन दिलेला दुवा तसा आहे हे पानाच्या कोडमध्ये नोंदवावे लागते. ते न केल्यास शोधातील स्थान धोक्यात येते. शिवाय प्रत्येक अशा पत्रावर विचार करण्यात जाणारा वेळ माहिती तपासण्याच्या वेळातून जातो.

संकेतस्थळाची संपूर्ण रचना बदलण्याचे काम वर्षातून एकदाच, वाचक सर्वांत कमी असतात त्या महिन्यात काढावे. माझ्यासाठी तो एप्रिल आहे. जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे वळवण्याची यादी आधी तयार ठेवा.

पैसे देऊन काम सोपवायचे असेल तर तांत्रिक दुरुस्ती, नकाशे रेखाटणे किंवा छायाचित्रांची डागडुजी सोपवावी. त्या व्यक्तीला मुख्य पासवर्ड न देता मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्यावे आणि काम संपल्यावर ते बंद करावे. माहितीची पडताळणी मात्र मी कोणाकडेही सोपवत नाही.

९. आजारपण, परीक्षा, लग्नकार्य: तुम्ही नसताना

वर्षातून दोन-तीनदा असे आठवडे येतात की संकेतस्थळाकडे पाहताच येत नाही. तेव्हा नऊ तासांची मांडणी बाजूला ठेवून केवळ पहिल्या पायरीचे काम करा. बॅकअप झाला का आणि संकेतस्थळ उघडते का, एवढे पाहायला आठवड्याला वीस मिनिटे लागतात. दोन-तीन लेख हाताशी तयार ठेवून त्यांची प्रसिद्धीची तारीख आधीच लावली तर खंडही पडत नाही.

याखेरीज एक कागद तयार करा. त्यावर डोमेन आणि होस्टिंग कोणाकडे आहे, मुदत कधी संपते, पासवर्ड व्यवस्थापक कसा उघडायचा, बॅकअपची डिस्क कुठे ठेवली आहे, आणि संकटाची सूचना मुखपृष्ठावर कशी लावायची, एवढे साध्या भाषेत लिहा. तो घरातल्या एका व्यक्तीला समजावून सांगा आणि तिच्याकडून एकदा करवून घ्या. मागच्या जुलैमध्ये मी रुग्णालयात असताना एका घाटवाटेवर दरड कोसळली. त्या कागदाच्या आधारे माझ्या पत्नीने अर्ध्या तासात ती वाट बंद असल्याची सूचना संबंधित तीन पानांच्या वरच्या चौकटीत लावली.